पक्षी-नोंदींच्या वहीबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या सामायिक वहीत नोंदी भरपूर आहेत, पण हवी ती वेळेवर सापडत नाही. म्हणून यापुढे बेळगाव परिसरातली राकसकोप, हिडकल आणि खानापूर-भीमगड अशी ठिकाणवार पाने ठेवत आहोत. तारीख, वेळ, संख्या लिहायचीच.

नुसतं ‘धनेश (हॉर्नबिल) दिसला’ एवढं लिहू नका, ही कळकळीची विनंती. खानापूरच्या एका पानावर एवढंच लिहिलं आहे आणि कोणत्या जातीचा धनेश ते आता कळायला मार्ग नाही. चोचीवर मोठा उंचवटा होता का, तेवढं तरी लिहा. मलबारी राखी धनेशाला तो नसतो, कवड्या धनेशाला ठळक असतो. गावकरी धनेशाला कन्नडमध्ये ‘मंगट्टे’ म्हणाले तर तेही लिहा, पुढच्या वेळी विचारायला सोपं जातं.

घरट्याची जागा मात्र वहीत नको. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून भरवतो. नर बिचकला तर आत मादी-पिल्लं उपाशी राहतात. अशी नोंद फक्त वही सांभाळणाऱ्याला तोंडी सांगावी.

जुन्या नोंदी उतरवायला रविवारी सकाळी दोघे-तिघे हवेत. अक्षर चांगलं असलेल्यांनी जरूर यावं.