बाबांच्या कॉफीबद्दल

हेलसिंकी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी पाठवलेला फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याची जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं, पोचला, पण कॉफी कडूजहर झाली आणि दांडा खाली जाता जाईना, दोन्ही हातांनी रेटावा लागला, असं आई फोनवर म्हणाली. तसं पुन्हा करू नका, भांडं काचेचं आहे. दोष प्रेसचा नाही, पुडीचा आहे. आई वापरते ती फिल्टर कॉफीची, चिकोरी (भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली बारीक पूड तुम्ही त्यात घातलीत. आईच्या दुधातल्या, साखर-जायफळाच्या कॉफीला तीच पूड हवी, तिथे कडूपणा झाकला जातो. नुसत्या पाण्यात मात्र तो लपत नाही. शिवाय बारीक पूड जाळीत अडकते आणि उरलेली कपात उतरते.

चिकमगळूरकडच्या अरेबिका जातीच्या कॉफीच्या अख्ख्या बिया मागवा, चिकोरीशिवाय. मिक्सर सलग फिरवू नका, थांबत थांबत दोन-तीन सेकंद फिरवा. पूड जाड रव्याएवढी झाली की आईच्या मैद्याच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडेल ती भुकटी तिच्या डब्यात टाका. (तिला आधी विचारा.) इथे ही कटकट नाही. फिनलंडमध्ये माणशी वर्षाला दहा किलोच्या आसपास कॉफी लागते आणि पातेल्यात उकळायच्या जुन्या पद्धतीसाठी मुद्दाम जाड दळलेली पाकिटं दुकानात असतात. प्रेसला तीच चालतात.

प्रमाण अर्ध्या लिटरला 30 ग्रॅम. चमच्यावर जाऊ नका, आईच्या काट्यावर तोला. पाणी नर्मदेचंच घ्या, बोरिंगचं नको. बोरिंगच्या जड पाण्यात कॉफीचा आंबूसपणा मरतो आणि चव मातकट होते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणून तिथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलात तरी पुरे. मी इथे समुद्राकाठी, मला जरा जास्त थांबावं लागतं.

भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या. पूड घालून सगळं पाणी ओता आणि चार मिनिटं घड्याळ लावा. वर पुडीचा जाड थर येईल, तो चमच्याने हलकेच मोडा, वरचा फेस काढून टाका आणि मग दांडा सावकाश खाली न्या. जोर लागला तर पूड बारीक आहे असं समजा, दांडा थोडा वर घेऊन पुन्हा सोडा. शेवटच्या घोटाची हाव नको, गाळ तिथेच असतो.

आणि लगेच सगळी ओतून घ्या. वर्तमानपत्र संपेपर्यंत ती प्रेसमध्ये ठेवायची तुमची सवय मला माहीत आहे, पण पूड तळाशी दाबली तरी पाण्यातच असते आणि कडूपणा सुटतच राहतो. दुसरा कप हवा असेल तर थर्मासात काढा.

तुम्हाला असल्या गोष्टी आवडतात म्हणून सांगतो: दाबून गाळायच्या अशा भांड्याचं पेटंट फ्रान्समध्ये 1852 मध्येच निघालं होतं, पण आजच्या प्रेसजवळ जाणारं 1929 चं, इटलीतलं.

एक मात्र ऐका. जाळीतून कॉफीचं तेल कपात येतं. चव त्याचीच, पण त्यातल्या कॅफेस्टॉल नावाच्या घटकाने कोलेस्टेरॉल वाढतं. कागदी फिल्टर ते बरंचसं अडवतो. तुमचा मागचा रिपोर्ट बघता प्रेसची कॉफी रविवारी पोह्यांबरोबर घ्या, रोज नको. रोज हवीच असेल तर प्रेसमधून काढून कागदातून गाळा. डॉक्टरांनाही विचारा, आणि त्यांनी काय सांगितलं ते आईकडून मला कळेलच.

जाळी दर वेळी सुटी करून धुवा, तेल राहिलं की खवट वास येतो. चोथा सिंकमध्ये नको, गाडी आली की ओल्या कचऱ्यात. पुण्याला आत्यालाही असाच प्रेस पाठवलाय, हे पत्र तिला वाचून दाखवा, म्हणजे मला दुसरं लिहायला नको.

आईस सा. न.

आपला,
धाकटा