तीन अब्ज झाडांचे बी कुठून आणणार?

प्रति,
माननीय पर्यावरण आयुक्त,
युरोपीय आयोग

सादर नमस्कार.

२०३० पर्यंत युरोपीय संघात तीन अब्ज जादा झाडे लावण्याचा संकल्प आयोगाने सोडला आहे. त्याचे मनापासून स्वागत. माझी विनंती आहे ती या झाडांच्या बियांविषयी: त्यांत जनुकीय वैविध्य हवे. ते कुठे साठले आहे, हे झाडांच्या जुन्या प्रवासावरून कळते.

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना उत्तर युरोप बर्फाखाली होता. ओक तगला तो मुख्यतः इबेरिया (आजचे स्पेन-पोर्तुगाल), इटली आणि बाल्कनमधल्या आसऱ्यांत. बर्फ मागे हटला तसा तो उत्तरेकडे सरकला. काही काळ तर वर्षाला पाचशे मीटरपर्यंत, असे गाळात साठलेले परागकण सांगतात. इतके जड फळ एवढ्या दूर गेले, त्यात जमिनीत ते पुरून ठेवणाऱ्या ‘जे’ पक्ष्याचा मोठा वाटा असावा. ओकच्या हरितलवकातला डीएनए फक्त मातृवृक्षाकडून येतो, म्हणून आजही त्यावरून हा प्रवास शोधता येतो. ब्रिटनच्या मूळच्या ओकचा माग इबेरियापर्यंत जातो.

२००३ साली २२ जातींच्या झाडाझुडपांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिणेतल्या आसऱ्यांमधली झाडे जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून सर्वांत वेगळी निघाली. पण एकाच जंगलातले जनुकीय वैविध्य सर्वाधिक आढळले ते त्याहून उत्तरेला, निरनिराळ्या दिशांनी आलेले वंश जिथे एकत्र आले तिथे. म्हणजे जपायचे दोन्ही आहे. आणि दक्षिणेचे टोक आधी, कारण तिथला वंश गेला तर त्याची भरपाई दुसरीकडून होणार नाही. सिसिलीतल्या माडोनी डोंगरांत नेब्रोडी फर या सूचिपर्णी वृक्षाची नैसर्गिकरीत्या वाढलेली जेमतेम तीसेक मोठी झाडे उरली आहेत!

वैविध्य म्हणजे काय, ते अॅश या युरोपीय वृक्षाच्या रोगाने दाखवून दिले. बुरशीने बहुतेक झाडे खंगली, थोडी टिकली, आणि ती सहनशक्ती पुढच्या पिढीत उतरते. चार-दोन मातृवृक्षांच्या बियांवर वाढवलेल्या जंगलात अशी झाडे सापडण्याची शक्यता फार कमी.

बी कोणत्या प्रदेशातले, याची नोंद युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार होतेच. तिच्यासोबत ते किती मातृवृक्षांवरून गोळा केले, हेही प्रत्येक खरेदीदाराला कळू द्या. अनुदान देताना केवळ रोपांची संख्या पाहू नका. दक्षिणेतल्या जुन्या आसऱ्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र निधी ठेवा. वनांची जनुकीय संपदा जपण्याचा ठराव युरोपच्या मंत्र्यांनी १९९० मध्येच स्ट्रासबर्गला केला होता. तीन अब्ज झाडांची रोपे अजून रोपवाटिकांत तयार होत आहेत, तोवरच हे नियम लागू व्हावेत.

आपला,
वृक्षांच्या जनुकशास्त्राचा एक अभ्यासक