नागोयाला गेलेल्या मनूला

निशी-कासाई, टोकियो

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

खोक्यात हिंगाची डबी सापडली ना? तीच वापर, बाहेरून दुसरी आणू नकोस. बाजारातल्या डबीबंद हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ज्वारीचं पीठ जूनचा पाऊस लागायच्या आत फ्रिजमध्ये टाक.

तुला सिलिॲक आहे, म्हणजे गहू-जव चालत नाहीत, हे कळलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. वर्षभरात आपण इथे आलो. तांदूळ खाणारा देश, आता काळजी मिटली, असं मला वाटलं. पहिल्याच आठवड्यात तुला सेम्बेई, इथले कुरकुरीत पापड, आणून दिले. होते तांदळाचेच, पण वरून शोयू म्हणजे सोया सॉस लावलेला, आणि नेहमीच्या शोयूत सोयाबीनच्या जोडीला जवळजवळ तेवढाच गहू असतो. वर गार ‘मुगीचा’ म्हणजे जवाचा चहा पाजला. चार दिवस तू पोट धरून पडलीस. ते मी अजून विसरले नाही.

मग वहीत ‘कोमुगी’ची, म्हणजे गव्हाची, अक्षरं गिरवली. पण एक गोष्ट उशिरा कळली: इथल्या ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीत गहू आहे, जव नाही. म्हणून पाकिटावरची घटकांची ओळ शेवटपर्यंत वाच. ‘ओमुगी’ म्हणजे जव किंवा ‘बाकुगा’ म्हणजे माल्ट दिसलं की पाकीट परत ठेवून दे.

जोशिन्को, इथलं तांदळाचं पीठ, मात्र देवासारखं भेटलं. पहिल्या गणपतीला त्याचीच उकड काढली. पीठ चिकट, म्हणून पाणी जरा कमी घातलं आणि तेलाच्या हाताने भरपूर मळलं. पारी कुठे फाटली नाही. तू एकवीसच्या एकवीस मोदक मोजलेस आणि विचारलंस, “हे सगळे मी खाऊ शकते?” त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, इथे आपलं निभेल. पुढे दाइफुकु या तांदळाच्या मिठाईतलं अझुकीचं, इथल्या लाल कडधान्याचं, सारण चाखून तू ‘पुरण’ म्हणालीस आणि किनाकोचे, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाचे, लाडू तर तुझ्या डब्यात कायमचेच झाले. तूप, गूळ आणि किनाको, बस्स. मिताराशी दांगो या तांदळाच्या गोळ्यांवर शोयूचा पाक असतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

नागोया तर तामारीच्या, म्हणजे मुख्यतः सोयाबीनच्या दाट सॉसच्या, मुलखात. शोयूऐवजी तीच घे, पण ‘कोमुगी’ नाही ना, एवढं पाहून. हाच्चो मिसो, ते आंबवलेलं वाटण, शेजारच्या ओकाझाकीचा, नुसत्या सोयाबीनचा. उइरो वाफवलेल्या तांदळाच्या पिठाची असते, तीही ओळ वाचूनच खा. किशिमेन आणि उदोन या शेवया गव्हाच्याच. सोबा ‘जुवारी’ म्हणजे निव्वळ कुट्टूची असली, तरी हॉटेलात ती बहुधा गव्हाच्या शेवयांच्याच पाण्यात उकडतात. ती घरीच कर. मैत्रिणी बाहेर बोलावतील तेव्हा विचारायला लाजू नकोस, आणि उत्तर अडखळत आलं तर तिथे खाऊ नकोस. त्यांनाच खोलीवर बोलाव आणि थालीपीठ लाव.

मेच्या सुट्टीत येताना तिकडच्या तामारीची एक बाटली घेऊन ये. गहू न घालता भाजणी मी तोवर भाजून ठेवते.

तुझी,
आई