मका शेजारचा, भाडे चारशे किलोमीटरचे

प्रति,
व्यवस्थापक, धान्य विक्री विभाग

विषय : मक्याच्या बिलातले गाडीभाडे, ओला माल आणि न विचारता पाठवलेला गहू

महोदय,

गेली सहा वर्षे माझ्या गोठ्याला मका तुमच्याकडून येतो. ६० जनावरे आहेत, महिन्याला ९ टनांची एक गाडी लागते. वजनात पाच-दहा किलो इकडेतिकडे झाले तरी मी आजवर चकार शब्द काढला नाही. या वेळी मात्र लेखी तक्रार करावी लागते आहे, कारण फोनवर तीनदा ‘साहेबांच्या कानावर घालतो’ एवढेच ऐकायला मिळाले.

आपल्या करारात भाव असा ठरतो : मुख्य बाजारपेठेतला त्या आठवड्याचा सरासरी भाव, अधिक तिथून माझ्या फाटकापर्यंतचे गाडीभाडे. ती बाजारपेठ ४०० किलोमीटरवर आहे. आमच्या भागात मका कमी पडतो तेव्हा ही रीत रास्तच. माल खरोखर लांबून येतो, डिझेल जळते, मी पैसे देतो. दोन वर्षांपूर्वी पावसाने दगा दिला तेव्हा दिलेच की, कुरकुर न करता. पण यंदा आमच्याकडेच मका रगड पिकला. ज्या भागात माल जास्त, तिथला भाव मुख्य बाजारापेक्षा खाली राहतो, कारण तो बाहेर न्यायचे भाडे विकणाऱ्याच्या अंगावर पडते. हे तुम्हाला मी काय सांगावे! शेतकऱ्याकडून घेताना तुम्ही हे भाडे भावातून कापता आणि मला विकताना तेच वर चढवता. एका रस्त्याचे पैसे दोन्हीकडून, आणि गाडी त्या रस्त्याला लागलेलीच नाही.

हे हवेत बोलत नाही. मागच्या गाडीची काटापावती ड्रायव्हर माझ्याकडे विसरून गेला (माणूस भला आहे, त्याला यात ओढू नका). भरलेल्या गाडीचे वजन सकाळी ६.४० ला झाल्याचे तिच्यावर छापले आहे. गाडी माझ्या फाटकात ७.५५ ला उभी होती. धारा आटोपून मी बादल्या विसळत होतो, हॉर्न ऐकून घड्याळ पाहिले. सव्वा तासात ४०० किलोमीटर? पावतीवरचा काटा तुमच्या गोदामाला लागून आहे आणि ते गोदाम माझ्यापासून ४० किलोमीटरवर.

तुमच्या कार्यालयातून उत्तर आले की माल कुठूनही येवो, भाव सूत्राने लागतो. मग बिलावर त्याला ‘गाडीभाडे’ का म्हणता? तुमचा जादा नफा म्हणून वेगळा लिहा, तो द्यायचा की नाही ते मी बघेन.

त्याच गाडीतला मका ओला निघाला. दाणा दाताखाली फुटायच्या ऐवजी चेपत होता, म्हणून सहा पोत्यांतून मूठमूठ काढून मीटर लावला. ओलावा १७ टक्के. करारात मर्यादा १४ ची. म्हणजे ९ टनांत २७० किलो जादा पाणी मी मक्याच्या भावाने घेतले. शिवाय अशा मालाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. तिचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, गाईच्या पोटातून दुधात उतरते आणि नाकारले जाते ते माझे दूध.

त्याआधीची गाडी तर नऊ दिवस उशिरा आली, आणि तिच्यात ३ टन गव्हाचा भरडा होता. पोती तीच, शिलाई तीच, बिलावर नोंद नाही. गव्हातला स्टार्च गाईच्या पोटात मक्यापेक्षा फार लवकर आंबतो. गहू द्यायला माझी ना नाही, पण तो दोन आठवड्यांत थोडाथोडा वाढवावा लागतो. आमच्या गड्याने रोजच्या मापाने घातला. तिसऱ्या दिवशी शेण पातळ, त्यात बुडबुडे, निम्म्या गाई रवंथ सोडून उभ्या. दोघींसाठी डॉक्टर बोलवावा लागला आणि त्या आठवड्यात दुधाचा फॅट उतरला तो वेगळाच. मका कमी होता तर आदल्या दिवशी एक फोन करायचा होता.

यंदाच्या काढणीनंतर आलेल्या चारही गाड्यांचे भाडे प्रत्यक्ष अंतराने पुन्हा लावावे आणि फरक परत करावा. २७० किलोंची रक्कम आणि डॉक्टरांचे बिल पुढच्या बिलातून वजा करावे. यापुढे माल कुठे भरला आणि ओलावा किती, हे प्रत्येक बिलावर लिहून यावे.

पुढची गाडी सोमवारी आहे. भाडे ४० किलोमीटरचे असेल तर उतरवून घेईन, ४०० चे असेल तर फाटकातूनच परत पाठवीन. तिच्या फुकट गेलेल्या फेरीचे भाडे कोणत्या सूत्राने लावायचे ते तुम्ही ठरवा.

आपला,
सहा वर्षांपासूनचा एक दूध उत्पादक ग्राहक

सोबत : काटापावतीची प्रत. मूळ पावती माझ्याकडेच राहील.