आरशासमोर जीभ काढणं थांबव

निपाणी
बुधवार, रात्री

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहायला बसलोय. तुझी आई भाकरी थापताना सुद्धा एक कान माझ्या फोनकडं ठेवते. वाचून झालं की फाडून टाक, तुझ्या खोलीतली पोरं आगाऊ आहेत.

गणपतीला आलास तेव्हा मोरीतल्या आरशासमोर मोबाईलचा उजेड पाडून जीभ बाहेर काढून उभा होतास. मी दिसलो तसा ‘दाढ दुखतीय’ म्हणालास. दाढ दुखणारा माणूस काखेत बोटं घालून गाठी शोधत नाही, लेका. तुला एड्सची धास्ती बसलीय हे मला लगेच कळलं, कारण १९९६ साली त्याच मोरीत मी असाच उभा असायचो. हातात दोन सेलची बॅटरी, एवढाच फरक.

तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. तंबाखूची पोती भरून गाडी घेऊन जायचो. एका फेरीला हायवेवर मुक्काम पडला, तिथल्या एका बाईकडं गेलो आणि जे व्हायचं ते झालं. दहाव्या दिवशी घसा धरला, अंगात कणकण आली. झालं, मी स्वतःच निकाल लावून टाकला. त्या वेळी धाब्याधाब्यावर एड्सची चित्रं लागलेली, कवटीबिवटी काढलेली. दोन महिन्यांत सहा किलो उतरलो. एड्समध्ये वजन उतरतं असं ऐकलेलं. आपण जेवतच नाही म्हणून उतरलं, हे काही डोक्यात येईना. भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ असं रंगवलेलं बघून एका लॉजच्या खोलीत गेलो. त्यानं रक्त काढलं नाही, काही तपासलं नाही, ‘धातू बिघडलाय’ म्हणाला आणि दोन महिन्यांचा पगार घेऊन पुड्या हातात दिल्या. शेवटी मिरजेला जाऊन रक्त दिलं. निगेटिव्ह आलं. तरी परत गेलो. तिसऱ्या वेळी सिस्टरनं नाव न विचारताच लिहून घेतलं, तेव्हा मात्र लाज वाटली.

आणि एक, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निरोध मी नेलाच नव्हता. तो त्या हायवेवरच्या बाईनं काढून दिला, ‘याच्याशिवाय नाही’ म्हणाली. आणि तीन महिने मी शिव्या घातल्या त्या तिलाच. आपल्या भागात हा रोग म्हटला की लोक सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांकडं बोट दाखवतात. देवाला पोरी सोडायला बंदी घालणारा कायदा आपल्या कर्नाटकात १९८२ सालीच झाला. पण त्यांच्या दाराशी गाड्या उभ्या करणारे आम्हीच होतो, ते कोण बोलत नाही.

आता तुझं. स्टँडवर गाडी सुटायच्या आधी तू जे पुटपुटलास ते मी नीट ऐकलंय. एकदाच, कंडोम होता, फाटला नाही, निसटला नाही. म्हणजे धोका मुळातच फार कमी. चुंबनानं, मिठीनं, एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होत नाही. जीभ पांढरी म्हणतोस, तर मेडिकलमधनं आपल्या मनानं अँटिबायोटिकचे दोन कोर्स खाल्लेस ते विसरलास काय? त्यानं पोट बिघडतं, जिभेवर बुरशी सुद्धा चढू शकते. लघवीच्या जागी जळजळ म्हणतोस आणि दिवसातनं चार वेळा साबणानं घासतोस. कातडी आहे ती, पितळेची घागर नव्हे. एचआयव्हीच्या सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा, पुरळ येतं हे खरं, पण साध्या फ्लूलाही तेच येतं. लक्षणांवरनं डॉक्टरलाही सांगता येत नाही, आरशाला कुठनं येणार?

सांगतं ते रक्त, तेही योग्य दिवशी. बाराव्या दिवशी केलीस ती टेस्ट घाईची होती, तिला मी धरत नाही. पन्नासाव्या दिवशी केलीस ती फोर्थ जनरेशनची, म्हणजे विषाणूचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही शोधणारी, आणि तिला पंचेचाळीस दिवस पुरतात. ती निगेटिव्ह आहे. मग हजारो रुपये घालून पीसीआर, ती थेट विषाणू शोधणारी टेस्ट, कशाला?

एक मात्र राहिलंय. कंडोम सगळी कातडी झाकत नाही, त्यामुळं सिफिलिससारखा एखादा गुप्तरोग क्वचित होऊ शकतो, आणि त्याची पहिली जखम दुखतही नाही. तीन महिने भरले की सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला-तपासणी केंद्रात जा. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, करायला सांग, त्याच सुईत एचआयव्हीही होऊ दे, कारण त्यांच्या साध्या किटांना ते तीन महिने धरतात. फुकट असतं. त्याआधी पू आला, फोड किंवा जखम दिसली तर मात्र थांबू नकोस, थेट डॉक्टर गाठ, मेडिकलवाला नव्हे. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसशील तर तीही घे. कंपनीला कळेल म्हणून घाबरतोस, पण २०१७चा कायदा आहे: तुझ्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. रात्री फारच घालमेल झाली तर १०९७ ला फोन लाव, पैसे पडत नाहीत. पुढं कधी कंडोम फाटलाच तर बहात्तर तासांच्या आत दवाखान्यात जायचं, अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या देतात. तुला आता त्यांची गरज नाही, माहिती असावी म्हणून लिहिलं.

त्या पोरीला एकदा फोन केलास का? तिच्याकडनं तुला काय लागलं असेल, याचाच हिशेब तू दोन महिने मांडतोयस. तुझ्याकडनं तिला काय, ही काळजी तिलाही असेल. रिपोर्ट आलाय एवढं तरी सांग. हे मी केलं नव्हतं. पुढं त्या रस्त्यानं किती वेळा गेलो, पण गाडी थांबवली नाही.

मी रागावलोय का, असं विचारलंस. स्टँडवर थोडा होतो. तवंदी घाट चढून तुझी गाडी संकेश्वरला पोचली असेल तोवर राग गेला होता.

दसऱ्याला ये. आईला घसा बसलाय एवढंच सांगितलंय, ती हळद-दूध पाजल्याशिवाय सोडणार नाही, मुकाट्यानं पी. आणि लोणच्याची बरणी परत आण, दोनदा विचारून झालं तिचं.

तुझे
आण्णा