भिंत स्लॅबला भिडली पाहिजे

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दवाखाने, क्लासेस आणि व्यापारी संकुलांतल्या आतल्या भिंतींची आगीच्या दृष्टीने तपासणी

माननीय मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

मी जळगावात राहतो आणि गेली २६ वर्षे इंटिरिअरची कामे घेतो. दवाखाने, क्लासेस, पतसंस्थांची कार्यालये, सराफी दुकाने अशी सगळी कामे केली. भिंती पाडणे आणि नव्या उभ्या करणे हाच माझा धंदा, म्हणून आपल्याला भिंतींबद्दलच लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात खान्देशातल्याच एका तालुक्याच्या गावी रात्री दीडच्या सुमारास एका दवाखान्यात आग लागली. जुन्या बंगल्याचा दवाखाना केलेला होता. औषधांच्या खोलीत एसीच्या वायरचा जोड जळाला आणि खोक्यांनी पेट घेतला. त्या खोलीला लागून सहा खाटांचा जनरल वॉर्ड, मध्ये एकच भिंत. ड्यूटीवरची सिस्टर जागी होती म्हणून सगळे वाचले. तिने आणि नातेवाइकांनी रुग्णांना चादरीसकट उचलून अंगणात आणले. एका म्हाताऱ्या बाबांच्या छातीत मात्र इतका धूर गेला की त्यांना रातोरात धुळ्याला हलवावे लागले आणि पुढचे पंधरा दिवस त्यांनी तिथेच काढले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला दुरुस्तीचा अंदाज काढायला बोलावले. औषधांच्या खोलीचा कोळसा झाला होता. मधली भिंत साडेचार इंची विटांची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली. वॉर्डाच्या बाजूने तिचा रंगसुद्धा फुगला नव्हता. तरीही वॉर्ड छतापासून माणसाच्या खांद्यापर्यंत काजळीने काळा पडला होता. त्या बाबांचा मुलगा तिथेच उभा होता. त्याने मला विचारले, "भाऊ, भिंत ते उभीच से, मंग धूर कथाईन उना?" म्हणजे, भिंत तर उभीच आहे, मग धूर आला कुठून?

मी शिडी लावली आणि फॉल सिलिंगची एक टाइल उचलली. भिंत टाइलच्या वर चार बोटे जाऊन संपली होती. स्लॅब तिथून दोन फूट उंच, आणि मधली सगळी जागा मोकळी. त्या पोकळीतून एसीचे कॉपर पाइप, वायरींचे जुडगे आणि ऑक्सिजनची लाइन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेली. धुराला वाट शोधावीही लागली नव्हती. तो वर चढला, भिंतीवरून पलीकडे गेला आणि झोपलेल्या माणसांवर उतरला.

साहेब, अशा भिंती मीही बांधल्या आहेत. मालक म्हणतो, सिलिंगच्या वर कोण बघतो? गवंड्याला शेवटचे दोन थर रचायला अवघड जाते. एसीवाल्याला पाइप न्यायला वाट हवी असते. कोणाच्याच मनात वाईट नसते, आणि भिंत अर्धीच राहते. त्या रात्रीनंतर मी एकही भिंत अर्धी सोडलेली नाही. पण खान्देशात माझ्यासारखे कितीतरी ठेकेदार आहेत, आणि त्यांना हे कोणी विचारत नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातली ९ जानेवारी २०२१ ची रात्र आपल्याला आठवत असेल. नवजात बालकांच्या कक्षात आग लागली तेव्हा तिथे १७ बाळे होती. त्यातली १० गेली. तीन भाजून आणि सात गुदमरून गेल्याचे तेव्हा सरकारनेच सांगितले होते. तो कक्ष दोन भागांत होता. आग एका भागात लागली, दुसऱ्या भागातली सातही बाळे बाहेर काढता आली. मी ही बातमी वाचली आणि माझे लक्ष त्या दोन भागांपाशीच अडकले. आग लागलेल्या खोलीतल्या माणसाच्या हातात काही क्षणच असतात. शेजारच्या खोलीतल्याला किती वेळ मिळेल, हे मात्र मधल्या भिंतीवर ठरते. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत ११ रुग्ण गेले. अतिदक्षता विभागातला रुग्ण नळ्यांनी खाटेला बांधलेला असतो, तो उठून पळू शकत नाही. त्याच्यासाठी तरी आगीला आणि धुराला पलीकडेच थोपवणारी भिंत हवी.

आमच्या धंद्यात अशा भिंतीला 'एक तासाची', 'दोन तासांची' म्हणतात. भारतीय मानक आयएस ३८०९ प्रमाणे भिंतीचा नमुना भट्टीसमोर उभा करून ती चाचणी घेतात. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत ही सोय आहे. भट्टी अर्ध्या तासात सुमारे ८४० अंशांवर जाते, तासाभरात ९४५ च्या आसपास. तेवढ्या वेळात भिंत कोसळता कामा नये, तिला ज्वाळा पलीकडे जाईल अशी फट पडता कामा नये, आणि पलीकडच्या बाजूचे सरासरी तापमान मूळ तापमानापेक्षा १४० अंशांहून जास्त वाढता कामा नये. तिसरी अट लोकांना माहीत नसते. भिंत शाबूत राहून नुसती तापली, तरी पलीकडे टेकून ठेवलेली गादी पेट घेऊ शकते.

आमच्या आजोळी, चोपडा तालुक्यात, धाब्याची घरे होती. दोन घरांच्या मधली सामाईक भिंत मातीची, दोन हात जाड. एकदा शेजारच्या घरातल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगाने पेट घेतला. तो विझेपर्यंत आजी आमच्या बाजूने भिंतीला हात लावून लावून बघत होती. भिंत शेवटपर्यंत गार राहिली. इंजिनिअर ज्या तीन गोष्टी मोजतात, त्या तिन्ही त्या मातीने दिल्या होत्या.

आता आपल्या शहरांत काय चालते ते सांगतो. एका हॉलचे सहा भाग करायचे असले की लाकडी चौकट, दोन्हीकडून प्लाय किंवा एमडीएफ, त्यावर सनमायका. आवाज जाऊ नये म्हणून पोटात थर्माकोल. ओल दिसू नये म्हणून जुन्या भिंतीवर पीव्हीसी पॅनेल. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडून आटू लागतो आणि पेटला की काळाकुट्ट धूर सोडतो. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो डोळ्यांना आणि घशाला डसतो, माणसाला समोरचे दार दिसत नाही. अशा पार्टिशनला भिंत म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ते उभे रचलेले सरपण आहे. त्यातूनच वायरी नेलेल्या असतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दिवसरात्र एसी ओढून त्या तापतात.

याला उपाय आहे आणि तो फार महाग नाही. स्टीलच्या चौकटीवर जिप्सम बोर्ड लावले तर प्लाय-सनमायकापेक्षा काम बहुतेक वेळा स्वस्तच पडते. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग हे बांधलेले पाणी असते. आगीत ते पाणी वाफ होऊन निघत राहते, आणि ते संपेपर्यंत बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. आगीसाठीच्या बोर्डात काचेचे तंतू घातलेले असतात, त्यामुळे पाणी गेल्यावरही बोर्ड तडकून पडत नाही. पोटात रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, भरले तर ते हजार अंशांपर्यंत वितळत नाही.

पण इथेही फसवणूक चालते. गुलाबी बोर्ड म्हणजे आगीचा बोर्ड, एवढे मालकाला कळलेले असते. ठेकेदार लाकडी पट्ट्यांवर गुलाबी बोर्डाचा एकेक थर ठोकतो आणि बिलात 'दोन तासांची भिंत' लिहितो. चाचणीचा दाखला एकट्या बोर्डाला मिळत नाही. चौकट कोणती, थर किती, स्क्रू किती अंतरावर, सांधे कशाने भरले, या सगळ्यासकट पूर्ण भिंतीला तो मिळतो. त्या भिंतीत दोन्हीकडून समोरासमोर स्विचबोर्डाचे डबे कापून बसवले, की तिथे उरते ते भोक. पाइपाभोवतीची फट साध्या पीओपीने बुजवली तर ती तडकते. तिथे आगीत फुगून जागा भरून काढणारे सीलंट लागते. आणि दाराखाली दगड ठेवून ते कायम उघडे ठेवले, तर दोन तासांच्या भिंतीचा काय उपयोग?

कायदा नाही, असे मी म्हणत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेचा, २०१६ च्या आवृत्तीचा, चौथा भाग सगळा आगीवरच आहे आणि कोणती भिंत किती तासांची हवी याचे तक्ते त्यात आहेत. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीने इमारतीतल्या आगीच्या यंत्रणेसाठी 'फॉर्म बी', म्हणजे ती यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. अडचण अशी की मी जितक्या तपासण्या जवळून पाहिल्या, त्या सिलिंडरवरची तारीख, होजरील, पंप आणि अलार्म बघून संपल्या. सिलिंगची टाइल उचललेली मी एकदाही पाहिली नाही. बांधकामाच्या नकाशावर दिसणाऱ्या भिंती एक, आणि पाच वर्षांत तीन भाडेकरूंनी आत उभ्या केलेल्या भिंती दुसऱ्याच. दुसऱ्या प्रकारच्या भिंतींचा कागद कुठेच नसतो.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी ही, की 'फॉर्म बी'मध्ये आतल्या भिंतींचा रकाना असावा. कोणती भिंत किती तासांची, ती स्लॅबला भिडली आहे का, पाइप-वायरींची भोके बुजवली आहेत का, हे फोटोसह त्यात यावे. दवाखाने, क्लासेस, लॉज आणि मंगल कार्यालयांत नवे पार्टिशन घालायचे तर त्याचा साधा नकाशा अग्निशमन विभागाकडे देणे बंधनकारक करावे. त्यासाठी नव्या परवानगीची खिडकी उघडू नका, तिथे लोक अडवले जातील. नोंद पुरे. सुरुवात सरकारी रुग्णालयांपासून करावी, म्हणजे खासगी डॉक्टरांना आपल्यालाच तेवढे पिडतात असे वाटणार नाही.

दुसरी मागणी आमच्या पोरांसाठी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवतात. स्टील चौकटीची अग्निरोधक भिंत कशी उभी करायची, हे त्याच मुलांना दोन-तीन आठवडे शिकवले तर काम त्यांच्या हातात येईल. आज माझ्याकडचे कारागीर हे माझ्या चुकांवरून शिकले आहेत.

खान्देशातली कितीतरी घरे ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला जाऊन पोट भरतात. २४ मे २०१९ ला सुरतेच्या सरथाणात तक्षशिला संकुलात आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुले गेली. त्या संध्याकाळी अमळनेर-नंदुरबारकडच्या किती घरांतून सुरतेला फोन गेले असतील! माझी पुतणी तेव्हा सुरतेतल्याच उधन्यात दुसऱ्या एका क्लासला जात होती. ती सुखरूप असल्याचे कळेपर्यंत आमच्या घरी कोणी बसले नाही. आज जळगावात तिच्या धाकट्या भावाचा क्लास तिसऱ्या मजल्यावर आहे, प्लायच्या चार पार्टिशनांमध्ये. मी मालकाला भेटलो. ते माणूस म्हणून चांगले आहेत, पण म्हणाले, "नियमात असेल तर करू."

२१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर गेली आणि पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर मंत्रालयाचे आतले काम नव्याने झाले. ते करताना सरकार काय शिकले, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यांपर्यंत पोचवा, एवढेच मागतो आहे.

त्या तालुक्याच्या दवाखान्यातली भिंत आम्ही विटांनी स्लॅबपर्यंत नेली, पाइपांची भोके सीलंटने भरली. पावणेदोन दिवसांचे काम होते. डॉक्टरांनी त्या जागेवरची एक टाइल मुद्दाम सुटी ठेवली आहे आणि शिडी जिन्याखाली आहे. आपण खान्देश दौऱ्यावर याल तेव्हा दहा मिनिटे काढा, मी स्वतः ती टाइल उचलून दाखवीन. आपल्या सोबतच्या अधिकाऱ्यांनाही शिडीवर चढू द्या.

आपला नम्र,
जळगावचा एक इंटिरिअर ठेकेदार