मनूस, त्या ट्यूबबद्दल आणि इतर बरंच

प्रिय मनू,

पोचल्याचा मेसेज मिळाला. नुसतं "पोचले" एवढंच होतं, म्हणजे राग अजून उतरलेला नाही. असू दे. मी फोनच करणार होते, पण फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते तुलाही माहितीये, मी एक बोलते, तू दुसरंच ऐकतेस, मग बाबा मध्ये पडतात आणि आपण दोघी मिळून त्यांनाच झापतो. म्हणून लिहायला बसले. लिहिताना निदान माझं वाक्य तरी पूर्ण होतं.

निघताना तू म्हणालीस की "आई, तुला मी नटलेली बघवतच नाही." हे मात्र साफ खोटं. घरात नटायची हौस सगळ्यात जास्त मलाच आहे, कामाला जाताना एक दिवस मी काजळाशिवाय गेले नाही, आणि तुझी ती पहिली लिपस्टिक कुणी आणून दिली होती आठव, बाबांपासून लपवून. सत्तेचाळीसाव्या वर्षी तुला स्वतःसाठी आरशासमोर उभं राहायला वेळ मिळतोय याचा मला आनंदच आहे. केस कापलेस ते तर मला इतके आवडले की मी बोललेच नाही, कारण बोलले असते तर तू म्हणाली असतीस की आता हे कसं आवडलं. मानेमागून दिसणारी ती करड्या केसांची बट तशीच ठेव. छान दिसते.

माझा आक्षेप फक्त त्या चेहऱ्याच्या क्रीमच्या ट्यूबला आहे.

ती इथेच राहिलीये तुझी, आरशामागच्या कप्प्यात. मी मुद्दाम शोधली नाही, माझं डोळ्यांचं औषध काढताना हाताला लागली. शेपटीकडून घड्या घालत घालत अगदी तोंडापर्यंत पिळलेली. अशी ट्यूब पाहिली की मला कळतं ही पहिली नाही. मागचं बारीक छापलेलं वाचायला बाबांचं भिंग घेतलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. वाटलंच होतं मला.

आता तू म्हणशील आई परत काउंटरवर उभी राहिली. राहिले. इतकी वर्षं औषधांच्या दुकानात घालवल्यावर दुसरं काय करणार. यातलं हायड्रोक्विनोन डाग फिके करतं, ट्रेटिनॉइन रेटिनॉलच्याच जातीचं, पण मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड आहे गं. ही तीन प्रकारची औषधं एकत्र करायची कल्पना जुनीच आहे, 1975 साली क्लिगमन आणि विलिस या दोघा डॉक्टरांनी तसा फॉर्म्युला मांडला, त्यातलं स्टेरॉइड वेगळं होतं पण मेळ हाच, आणि वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या त्या काळपट डागांवर, तो खरंच चालतो, नाही असं मी म्हणतच नाही. पण अशी क्रीम्स थोड्या दिवसांसाठी असतात, साधारण आठ आठवड्यांपर्यंत, तेही डॉक्टर चेहरा बघत असताना. बायका काय करायच्या, रिकामं खोकं घेऊन यायच्या, "ही द्या". कुणी लिहून दिली विचारलं तर मैत्रिणीनं, जावेनं, पार्लरवालीनं. पहिले काही आठवडे चेहरा असा उजळतो की विचारू नकोस, म्हणून तर सोडवत नाही. नंतर कातडी पातळ व्हायला लागते, गालावर लाल बारीक शिरा दिसतात, पुरळ येतं, कुणाकुणाला लव वाढते. उन्हात दोन मिनिटं उभं राहिलं की आग. आणि हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं चोळत राहिलं तर काही जणींना त्याच जागी निळसर काळे डाग पडतात, आणि ते घालवणं फार कठीण.

तुझ्या गालावर मला परवा ज्या लाल रेषा दिसल्या त्यावरून मी बोलले. "म्हातारी दिसायला लागलीस" असं मी म्हटलेलंच नाही, "गाल असे का दिसतायत" असं विचारलं होतं. तू पुढचं ऐकलंच नाहीस.

बरं, आता लगेच फेकून दे असंही मी सांगत नाहीये, खरी अडचण तिथेच आहे. रोज लावायची सवय असताना एकदम बंद केली की चेहरा भडकतो, लाल होतो, सोलतो, खाज सुटते, आणि बाईला वाटतं बघा क्रीम नव्हतं म्हणून असं झालं, की परत ट्यूब सुरू. कशी कमी करत आणायची, मध्ये काय लावायचं, हे त्वचेच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि तुझी ट्यूब तर माझ्याकडे आहे. म्हणजे एक तर तू तिकडे गेल्या गेल्या नवीन घेतलीस, नाहीतर ती एकदम बंद झाली. रात्री मला झोप नाही ती यामुळे. दोन्हीतलं काय झालं तेवढं सांग.

झालं, एवढंच लिहायचं होतं ट्यूबबद्दल. आता परत काढणार नाही.

वांग तुला कधीपासून आहे ते मला चांगलं आठवतं. धाकट्याच्या वेळी पाचवा महिना होता, कपाळावर आणि वरच्या ओठावर आले होते, नंतर फिके झाले. आता परत आले याचं मला नवल नाही वाटलं, हे वयच तसं, पाळी जायच्या आधीची काही वर्षं हॉर्मोन्स नुसते वरखाली होत असतात. त्यात तुझं खिडकीपाशी टेबल. काचेतून ऊन लागत नाही असं वाटतं पण उन्हातले यूव्हीए किरण काचेतून बऱ्यापैकी आत येतात, आणि वांगाला तर साधा डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा चालना देतो. म्हणून नुसत्या पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड घे, त्यानं त्या उजेडालाही आडोसा मिळतो आणि डागही झाकले जातात, दोन कामं एकात. एसपीएफ तीस आणि पन्नासमध्ये फार जीव अडकवू नकोस, उन्हाचे जाळणारे किरण 97 टक्के अडवले की 98 टक्के एवढाच तो फरक आहे. फरक पडतो तो किती लावतेस त्यानं. मी बघितलं तुला लावताना, करंगळीच्या टोकाएवढं. दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं चेहऱ्याला आणि मानेला, आणि बाहेर असशील तर दर दोन तासांनी परत. एवढं केलंस तर वांगाचं अर्धं काम होतं, आणि ते न करता वरून काहीही फासलं तरी उपयोग शून्य, ट्यूबसुद्धा.

काढलीच बघ मी परत.

रंगावरून बोलणं आपल्या घरात कुणी सुरू केलं ते मी लिहीत नाही, तुझ्या आत्याचं आता वय झालंय. पण तू आठवीत असताना ती जे म्हणाली, "बाकी नाकीडोळी नीटस आहे, रंग तेवढा जरा", त्यानंतर वर्गाच्या फोटोत तू मागच्या रांगेत जाऊन उभी राहिलेली मला अजून दिसतेस, उंची काही फार नव्हती तुझी तेव्हा, नुसतं कपाळ आलंय फोटोत. त्या संध्याकाळी मी आत्याला स्वयंपाकघरात काय काय बोलले ते तुला कधी कळलं नाही. बाबांना विचार. पुढे वर्षभर ती आली नव्हती.

आणि आता तीच मुलगी चाळीस माणसांच्या मीटिंगमध्ये मधोमध बसून बोलते. धाकट्यानं मला दाखवलं होतं गुपचूप, तुझ्या मागच्या दारातून, तू हेडफोन लावलेला आणि कुणाला तरी ठणकावत होतीस की हे आकडे मला मान्य नाहीत. मला त्यातलं काही कळलं नाही पण मी बाबांना चार वेळा सांगितलं. पण मला हेही वाटतं की दिवसभर त्या स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचं तोंड बघत बसायचं हे काही बरं नाही. आमच्या वेळी सकाळी एकदा आरशात बघितलं की संपलं. स्वतःचा चौकोन लपवता येतो म्हणे, तो लपव. आणि दिवा समोर ठेव, डोक्यावरच्या दिव्यानं कुणाच्याही डोळ्यांखाली खड्डे दिसतात, विशीतल्या पोरीच्याही.

आता लिहायला बसलेच आहे तर बाकीचंही सांगते, पटलं तर बघ. तुझा चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा होतो म्हणालीस ना, मग तो फेसाळ फेसवॉश बंद कर. या वयात कातडी कोरडी होत जाते, पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजन जवळजवळ तीस टक्के जातं असं सांगतात, ते काही साबणानं परत येत नाही. आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं, साधं, बिनवासाचं. रेटिनॉलचं तू विचारत होतीस, ते चांगलं आहे पण आत्ता नाही, आधी हे गाल शांत होऊ देत. मानेला, हातांच्या पाठीला विसरू नकोस, वय तिथेच आधी कळतं. पावडर कमी कर, सुरकुत्यांत जाऊन बसते. आणि जवळचा चष्मा लागलाय तो मान्य कर एकदाचा. लांब हात करून फोन वाचतेस आणि भुवया अंदाजानं काढतेस, परवा एक भुवई वर होती. मोठं दिसणारा आरसा घे.

केसांच्या बाबतीत मात्र तेलं आणि सीरम घ्यायच्या आधी रक्त तपास. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, थायरॉइड. पाळी तुला हल्ली किती जाते ते तू मला सांगत नाहीस पण काळी पँटच घालून फिरत होतीस चार दिवस, मी काही आंधळी नाही. जास्त जात असेल तर लोह कमी होतं आणि मग केस गळतात, दम लागतो, आणि माणूस शाम्पू बदलत बसतं. फारच जात असेल तर लेडी डॉक्टरला दाखव, वयाचं असतं म्हणून अंगावर काढू नकोस. रंग लावणार असशील तर दर वेळी आधी दोन दिवस कानामागे थोडा लावून बघ. मावशीचं आठवतंय ना, ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी डोळे सुजून बंद झालेले, सगळ्या फोटोंत काळा चष्मा. वर्षानुवर्षं चालत आलेला रंगसुद्धा एक दिवस चालेनासा होतो, त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी अशी मध्येच उपटते.

कपड्यांचं मी बोलणार नव्हते. एकच बोलते. कपाटात ते आधीच्या मापाचे कपडे "कधीतरी येतील" म्हणून ठेवलेत ते देऊन टाक. रोज सकाळी ते बघून तुझं तोंड उतरतं आणि मग तू तो सैल करडा झगा घालतेस. आतले कपडे नीट माप घेऊन नवीन आण, अर्ध्या बायका चुकीच्या मापात आयुष्य काढतात, मग पाठ दुखते आणि वरचं काहीच नीट बसत नाही. तो हिरवा कुर्ता तुला किती उठून दिसला. गडद हिरवा, गडद लाल, तुझ्या रंगावर जे खुलतं ते माझ्यावर कधी खुललं नाही, मला हेवा वाटायचा, खरंच.

आणि वजनं उचलतेस ते सोडू नकोस. त्याला मी आधी हसले होते पण आजीचं खुब्याचं हाड मोडल्यावर शेवटची दोन वर्षं पलंगावर कशी गेली ते तू पाहिलंयस. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात वेगानं झिजतात. दंड बारीक दिसतात की नाही तो भाग वेगळा, म्हातारपणी बाथरूमला स्वतःच्या पायांनी जाता आलं पाहिजे.

फार झालं का? झालंच असेल. तू इथे आराम करायला आली होतीस आणि मी आल्या आल्या उजेडात नेऊन तोंड तपासलं, तुझ्या जागी मी असते तर मीही बॅग भरली असती. रागावू नकोस. पण माझं कसं आहे, मला कळतं म्हणून जास्त भीती वाटते. बाबांना त्या तीन नावांतलं काही कळत नाही, ते घोरतायत.

तर एवढं कर. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घे, जाताना ट्यूबवरचं नाव आणि किती महिने लावतेस ते खरं सांग, मला सांगितलंस तसं "कधीमधी" नको. मी मागच्या बाजूचा फोटो पाठवते व्हॉट्सॲपवर, तो दाखव. नवीन आणलीच असशील तर तसंही सांग, मी ओरडणार नाही. वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली तर मी येते, तसंही धाकट्याचा स्वेटर द्यायचाय. डॉक्टरांकडे मी बाहेर बसेन. आत बोलावलंस तरी तोंड उघडणार नाही. त्यांनी परत हीच लिहून दिली तर मात्र बोलेन.

तुझी,
आई